पिण्याच्या पाण्याचा नळ

स्टोक-ऑन-ट्रेंट
३ फेब्रुवारी

प्रिय ॲव्हरिल,

सहा वर्षं तोंड फिरवून बसायचं आणि मग नाताळच्या कार्डात एक ओळ अशी टाकायची की मोठ्या बहिणीचा सगळा जानेवारी त्यात जावा, ही तुझी जुनी खोड. 'मेअखेरच्या सुट्टीत आम्ही श्रॉपशरला बेथनच्या शेतावर असू. आमच्या शेजारची जागा मोकळी आहे. रॉय म्हणतो, म्युरिएलला विचार.' झालं. खाली सही, वर रॉबिन पक्ष्याचं चित्र. मी ते पाचदा वाचलं आणि फडताळात इतर कार्डांच्या मागे उभं करून ठेवलं.

रॉय म्हणतो. नवरा काय म्हणतो ते लिहिलंस, तू काय म्हणतेस ते लिहिलेलं नाही.

आता माझं ऐक. शेत म्हणजे शेत. तिथे गाई मनाला येईल तिथे शेण टाकतात आणि माणसं त्यातूनच गमबूट घालून एकमेकांकडे चहाला जातात. कुंपणावर चड्ड्या वाळत घालतात. गाडीमागे ओढून आणलेली कॅराव्हॅन वाटेल तशी उभी करतात, एकाचं तोंड टेकडीकडे, दुसऱ्याचं दुसऱ्याच्या खिडकीत. मला शिसारी येते. कॅराव्हॅन क्लबाच्या तळावर जमिनीत पांढरी खुंटी असते, कॅराव्हॅनचा मागचा कोपरा त्या खुंटीला लावायचा, शेजाऱ्यापासून सहा मीटर दूर, आणि वॉर्डन येऊन पावलांनी मोजून जातो. न्हाणीघरात दिवसातून तीनदा फिनेल मारतात. आत पाऊल टाकलं की त्या वासाने माझा जीव भांड्यात पडतो. तू हसशील. हस. बत्तीस वर्षं चिनीमातीच्या कारखान्यात मी प्लेटा तपासल्या, केसाएवढा डाग दिसला की बाजूला. ते डोळे आता घरी ठेवून सुट्टीवर जाता येत नाही.

शिवाय क्लबात माणसं पारखून घेतात. आणि नको झाली तर काढूनही टाकतात, हे तुला मी सांगायला नको.

हे वाक्य खोडणार होते. पण शाईने लिहिलंय आणि मला खाडाखोड आवडत नाही, तेव्हा राहू दे. तुलाही माहीत आहे मला काय म्हणायचंय. पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली कॅराव्हॅनमधल्या संडासाचा डबा धुतला म्हणून ज्याला सगळ्यांच्या देखत तासाभरात तळाबाहेर काढलं, जन्मभराची बंदी घातली, त्याच्या शेजारी मी आठवडाभर खुर्ची टाकून बसायचं, असं तुमचं दोघांचं म्हणणं आहे. मी काही त्याच्यावर राग धरून नाही. त्याने तेव्हाच कबूल केलं होतं. विषय मिटला.

माझ्या क्लाइव्हला जाऊन दीड वर्ष होईल. त्याच्या दफनाला तू सगळ्यात मागे उभी होतीस आणि रॉय बाहेर गाडीत बसून होता, ते मी पाहिलं. आत का आला नाही, हे मी कोणाला विचारलं नाही. या दीड वर्षात मी कॅराव्हॅन गाडीला जोडायला शिकले, उलटी घ्यायला शिकले. क्लबाच्या तळावर एकटी जाते. लोक मान हलवतात, 'कशा आहात मिसेस स्टॅनियर' म्हणतात आणि आपापल्या तंबूत शिरतात. संध्याकाळी सहाला मी चीज घालून ओटकेक खाते आणि साडेसहाला भांडी धुऊन झालेली असतात.

क्लबात तू पाहुणी म्हणून येऊ शकतेस, रॉय येऊ शकत नाही. शेतावर तिघंही येऊ शकतो. म्हणजे निवड माझी. मला विचार करू दे.

तुझी,
म्युरिएल

स्टोक
१९ मार्च

प्रिय ॲव्हरिल,

रागावू नकोस. तुमच्या त्या शेतावर मी जाऊन आले. न सांगता, एका रात्रीसाठी. आधी बघितल्याशिवाय मी टोमॅटोसुद्धा घेत नाही, तुला ठाऊक आहे.

कुठून सुरुवात करू? फाटकाला निळ्या सुतळीची गाठ. ती सोडून, आत येऊन, पुन्हा बांधायची. चिखलात माझं चाक अर्धं रुतलं. कुठे उभी राहू म्हणून विचारलं तर तुझी ती बेथन म्हणाली, "कुठेही. झाडाखाली नको, कावळे घाण करतात." कावळे! संध्याकाळी एक कोंबडी माझ्या पायरीवर आली आणि जे करायचं ते करून गेली. मी ते कागदाने उचललं आणि दोनदा हात धुतले. न्हाणीघर म्हणून जे काही आहे ते जुन्या गोठ्याचा कोपरा. भिंतीवर कोळ्याची जाळी, जमिनीवर लाकडी फळी, फळीवर कोणाचे तरी केस. ॲव्हरिल, लांब, करडे, चार-पाच केस. मी आंघोळ न करता परत आले. बहात्तर वर्षांत पहिल्यांदा.

बेथनला नियम विचारले. हात कमरेवर ठेवून ती मला नीट बघून घेत होती. म्हणाली, "नियम नाहीत हो बाई. स्वतःच्या स्वयंपाकघरात जे करणार नाही ते इथे करू नका, बस." मला तो उद्धटपणा वाटला.

मग तिने नळ दाखवला. आणि इथेच मला लिहायला जड जातंय. म्हणाली की आधी इथे गंजका पाइप होता, तिच्याकडे येणारा एक म्हातारा प्लंबर आहे, रॉय ब्लूर म्हणून, त्याने दोन वर्षांपूर्वी सगळं काढून नवीन घातलं. तांब्याचा पाइप, पितळी तोटी, खाली उतार दिलेला सिमेंटचा कट्टा. घाणीचा डबा ओतायची जागा मुद्दाम शेताच्या दुसऱ्या टोकाला खणली, पन्नास पावलं दूर, म्हणजे चुकूनसुद्धा कोणी घोटाळा करू नये. मी तुझी बहीण आहे हे तिला सांगितलं नव्हतं, म्हणून तिने पुढचंही सांगितलं. "माणूस देवासारखा, पण बायको विचित्र. स्वतः बसवलेला नळ, पण त्याला तिथे जाऊ देत नाही. घागर ती भरते, किटली ती भरते. तो पाण्याजवळ आला की ती उठते."

मी म्हटलं असेल काही कारण.

रात्री मी घरून आणलेलं बाटलीतलं पाणी प्यायले. त्या नळाचं नाही. रॉयने बसवलाय म्हणून नाही, तसं समजू नकोस. मला तोटीला हात लावता आला नाही एवढंच.

तू खरंच असं करतेस? त्याला किटली भरू देत नाहीस? चाळीस वर्षं जो माणूस लोकांच्या घरात नळ बसवत हिंडला त्याला? मी विचारणारी कोण, म्हणशील. बरोबर आहे. पण एवढी वर्षं झाली, घडून गेलं ते गेलं, नवऱ्याचा किती छळ करायचा याला काही मर्यादा असते.

शेताचं म्हणशील तर माझं उत्तर नाही असंच धर. चिखल मी सहन करेन, कोंबड्या सहन करेन, ते केस नाही.

म्युरिएल

वेल्स, क्लबाचा तळ
ईस्टर सोमवार

प्रिय ॲव्हरिल,

हो, तोच तळ. दुसरीकडे जागा नव्हती असं लिहिणार होते, पण होती. मी मुद्दाम इथे आले. सहा वर्षांत दरवर्षी येते. बाहेर समुद्र आहे, खिडकीतून दिसतो, पण मी पडदा लावलाय.

आज सकाळी न्हाणीघरात दोन बायका दात घासत होत्या. एक नवी सभासद, पहिलंच वर्ष. दुसरी तिला तळाची माहिती देत होती. इस्त्रीची खोली इकडे, कचरा तिकडे, आणि हो, नळावरची पाटी वाचा हं, इथे पूर्वी एक माणूस होता, पिवळा रेनकोट घालून रोज पहाटे यायचा आणि पिण्याच्या नळात संडासाचा डबा धुवायचा. रोज! आणि हसायचा म्हणे. दहा-बारा जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. नवी बाई तोंडातला फेस थुंकून म्हणाली, शी, कसली माणसं असतात.

मग ती सांगणारी माझ्याकडे वळली. "मिसेस स्टॅनियरना विचारा. त्या होत्या तेव्हा इथे."

आणि मी म्हणाले, "हो, होते. भयंकर प्रकार होता."

ॲव्हरिल, दवाखान्याचं मीच घातलंय. तीन वर्षांपूर्वी, क्लबाच्या नाताळच्या जेवणात. कोणी म्हणालं की कोणाला काही झालं तर नसेल, आणि मी म्हणाले, झालं होतं, दोघांना न्यावं लागलं. कोणालाही काही झालं नव्हतं. दोनाचे आता बारा झालेत. मी त्या बेसिनपाशी उभी राहिले आणि आरशात बघितलं, आणि मला जी किळस आली ती कोंबडीच्या घाणीची नाही आली कधी.

आता लिहिते. मधे थांबले तर परत लिहायची नाही, म्हणून एका दमात.

आदल्या संध्याकाळी आपण चौघं तंबूत जेवत होतो. तुमच्या आणि आमच्या कॅराव्हॅनमधला तो एकच मोठा तंबू. क्लाइव्हची पाठ धरल्यापासून आमचा डबाही रॉयच न्यायचा, सकाळी दोन हातांत दोन डबे. त्या दिवशी जेवताना तो म्हणाला, "आमच्या म्युरिएलबाई राणीच्या वरच्या. राणीला निदान ठाऊक तरी असेल की डबा भरतो." तू हसलीस ते चाललं असतं. क्लाइव्ह हसला. चाळीस वर्षांत माझ्यावर कधी न हसलेला माणूस डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

मला रात्रभर ते खुपलं. साडेसहाला उठले. तुम्ही तिघं घोरत होतात. पाऊस भुरभुरत होता म्हणून तंबूतल्या खुंटीवरचा रॉयचा पिवळा रेनकोट अंगात चढवला, टोपी डोक्यावर ओढली, डबा काढला आणि निघाले. दाखवून देणार होते.

तू ती डबा ओतायची जागा बघितली आहेस. त्या दिवशी माझ्या आधी कोणीतरी येऊन गेलं होतं आणि वर पाणीच ओतलं नव्हतं. कडेवर सगळं तसंच. मी श्वास धरून, डोळे मिटून ओतलं. आता डबा विसळायचा. विसळायची रबरी नळी होती, पण तिचं तोंड त्या घाणीतच पडलेलं. ती नळी मला धरता येईना. दोनदा हात पुढे केला, दोनदा मागे घेतला. न विसळलेला डबा घरात परत नेणं तर शक्यच नव्हतं. दहा पावलांवर दुसरा नळ होता. पितळी, चकचकीत, खाली सिमेंट धुतलेलं.

माझा डबा मी तिथे धुतला. तोटी डब्याच्या तोंडात पार आत घातली, खळखळून, तीनदा. पाणी उसळून तोटीवर उडालं ते मी बघितलं. मग त्याच नळावर साबण लावून स्वतःचे हात धुतले आणि तोटी रुमालाने पुसली. आणि तुला सांगते, मला तेव्हा अगदी स्वच्छ वाटत होतं. आपण काय केलं हे परत येताना पिण्याच्या पाण्याची पाटी दिसली तेव्हा कळलं. परत फिरून वॉर्डनला सांगायचं, त्याने तोटी उकळत्या पाण्याने धुतली असती, चार शब्द ऐकवले असते, संपलं असतं. मी रेनकोट खुंटीला लावला आणि अंथरुणात शिरले.

आठ वाजता तू त्याच नळाचं पाणी भरून आणलंस आणि चहा केलास. मला कप दिलास. मी प्यायले. नको म्हटलं असतं तर तू का म्हणून विचारलं असतंस.

नऊला पार्जेटर वॉर्डन वही घेऊन आला. चौदा नंबरच्या जागेवरच्या बाईने खिडकीतून पाठमोरा पिवळा रेनकोट बघितला होता. रॉय म्हणाला, मी तर आत्ता उठलो. खरंच उठला होता, गालावर उशीचे वळ होते. मग त्याची नजर खुंटीकडे गेली. रेनकोटातून अजून पाणी ठिबकत होतं. त्याने आपल्या तिघांकडे पाहिलं, एकेकाकडे.

पार्जेटर मला म्हणाला, "मिसेस स्टॅनियर, तुमच्या दोन्ही कॅराव्हॅनचे डबे कोण नेतं?"

मी म्हणाले, "रॉय. नेहमी रॉयच."

यात एक शब्द खोटा नव्हता. सहा वर्षं मी हेच स्वतःला सांगत आले, की मी खोटं बोलले नाही.

आणि रॉय म्हणाला, "बरं. मीच केलं. चूक झाली."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर शेजारी उभा राहून कपातला चहा संपवतोय. तू विचारलंस, तुम्हीही निघताय ना आमच्याबरोबर? मी म्हणाले, आमची जागा शनिवारपर्यंत आहे. तंबू मधोमध सोडवला आपण, आठवतं? तुझी बाजू तू, माझी मी. लोक आपापल्या दारात कप घेऊन उभे होते.

मला वाटलं त्याने मला ओळखलं आणि पाठीशी घातलं. त्यासाठी मी त्याचा किती द्वेष केला तुला कल्पना नाही. उपकार करून गप्प बसणाऱ्या माणसासारखा त्रास दुसरा कोणी देत नाही. म्हणून तुझे फोन घेतले नाहीत. म्हणून क्लाइव्हच्या दफनाला तो गाडीत बसलेला बघून मला बरं वाटलं. तुझं कार्ड आलं, 'रॉय म्हणतो', तर मला वाटलं, आता वसूल करतोय.

क्लाइव्हला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. तुला पहिल्यांदा सांगतेय. रॉयने डबा धुतला नाही, ॲव्हरिल. त्याला किटली भरू दे.

म्युरिएल

स्टोक
१३ मे

ॲव्हरिल,

तीन आठवडे झाले. उत्तराची मी वाट बघत नाहीये, असं म्हणणार नाही. टपालवाला फाटकाशी आला की मी पडद्यामागे उभी असते.

क्लबालाही लिहिलं. सगळं, चौदा नंबर आणि रेनकोटासकट. मागितलं एवढंच की रॉय ब्लूरची बंदी उठवावी, मासिकात दोन ओळी छापाव्यात आणि माझ्यावर जी काय कारवाई करायची ती करावी. पत्राने उत्तर आलं नाही, फोन आला. कोणी तरुण, आवाजात साखर. "मिसेस स्टॅनियर, सहा वर्षं झाली हो. त्यांनी स्वतः कबूल केलेलं आहे. आता ते उकरून कशाला काढायचं, उगाच सभासदांत चर्चा होते. आणि तुमच्यासारख्या बाई असं काही करतील यावर कोणी विश्वासही ठेवणार नाही. क्लाइव्ह गेल्याचं दुःख असतं, माणसाच्या मनात काहीबाही येतं." वर मला विचारतो, विधवा सभासदांच्या सहलीत नाव घालू का?

मी म्हटलं, अहो, मी त्या नळात संडासाचा डबा धुतलाय. तो म्हणाला, "हो हो, आम्ही नोंद घेतली."

एवढी वर्षं ज्याला मी स्वच्छता समजत होते ती ही. खुंटी सरळ, मोजमाप चोख, फिनेलचा वास, आणि घाण सापडली तर ज्याच्या अंगावर दिसेल त्याला बाहेर. खरी कोणाची होती हे विचारायचं नाही, कारण विचारलं तर पुन्हा पुसावं लागेल. आणि मी काय वेगळी आहे? तोटी रुमालाने पुसणारी मीच होते. म्हणून तर मला तिथे इतकं घरच्यासारखं वाटायचं. सभासदाचं कार्ड मी कात्रीने चार तुकडे करून त्यांना परत पाठवलं. एकतीस वर्षांचं. शेजारची म्हणाली, अहो, ज्येष्ठांची सवलत तरी वापरून घ्यायची होती.

मी मेअखेर बेथनच्या शेतावर येतेय. शेजारच्या जागेवर नाही, काळजी करू नकोस. रॉयला तोंडाने सांगायला येतेय. तू पत्र त्याला दाखवलंस की नाही हे मला माहीत नाही, पण हे काम पत्रावर भागणारं नाही.

म्युरिएल

बेथनचं शेत, दुसरं टोक
२८ मे, दुपार

ॲव्हरिल,

इथून तुमची खिडकी दिसते, तरी लिहितेय. तू सकाळी म्हणालीस, आता तोंड उघडू नकोस. कागदाबद्दल काही म्हणाली नाहीस. बेथन अंडी द्यायला येईल तेव्हा हे तिच्या हातात देईन.

काल आले तेव्हा बेथनने मला ओळखलं. हाताने इकडे दाखवलं, शेताच्या या कडेला, डबा ओतायच्या खड्ड्याशेजारी. तू तिला सांगितलं होतंस, की तिला आपणहून सुचलं, हे मी विचारलं नाही. वारा फिरला की वास येतो. मी खिडकी बंद केली नाही. माझी योग्य जागा आहे ही, एवढं मलाही कळतं.

मला रॉयशी बोलायचं होतं. दार तू उघडलंस. सहा वर्षांत तुला एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. केस करडे झालेत तुझे, आणि लांब. गोठ्यातल्या फळीवर कोणाचे केस होते ते तेव्हा कळलं. मी ज्याला हात लावायला तयार नव्हते ते तुझे केस होते.

तू जे बोललीस ते मी इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढेमागे मला ते सौम्य करून आठवता येणार नाही. मी माझ्या आठवणीला ओळखते.

तू म्हणालीस, "तुला वाटलं त्याने तुला वाचवलं? तू त्याच्या डोक्यातसुद्धा नव्हतीस, म्युरिएल. पत्र वाचून तो म्हणाला, म्युरिएल? ती तर डब्याला हात लावत नाही. त्याला वाटलं ती मी होते. तो रेनकोट त्याच्याखालोखाल मीच घालायचे. माझी लाज राखायला तो मीच म्हणाला, आणि सहा वर्षं मला एका शब्दाने विचारलं नाही, कारण मला अवघडल्यासारखं होईल."

मी काहीतरी म्हणायला गेले. तू म्हणालीस, "थांब. आणि मी काय केलं ठाऊक आहे? मी सहा वर्षं त्याच्या हातांचा वास घेतला. जेवायला बसला की. माझ्या केसांवरून हात फिरवला की. आणि त्याला वाटायचं, बिचारीला स्वतःच्याच केल्याची किळस बसलीय, म्हणून ही पाण्याजवळ कोणाला येऊ देत नाही. तो मला सांभाळून घेत होता. मी त्याला सांभाळून घेत होते. आणि तुला बोलवायला त्यानेच लावलं, कारण क्लाइव्ह गेला आणि तू एकटी असशील."

मग तू दार लावलंस. आपटलं नाहीस, हळू लावलंस. आपटलं असतंस तर बरं वाटलं असतं.

रॉय आत होता. मला त्याचे पाय दिसले, लोकरीचे मोजे. तो उठला नाही. मी दाराबाहेरून म्हणाले, "रॉय, मी केलं होतं ते. मला माफ कर." आतून तो म्हणाला, "ऐकलं." एवढंच. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तू समजतेस तसा चांगुलपणाही नव्हता. दमलेल्या माणसाचा आवाज होता.

मी येताना ठरवून आले होते की तो मला माफ करेल किंवा हाकलेल. दोन्हींची तयारी होती. गाडीत मी दोन्हींची उत्तरंही घोकली होती. पण मी तुमच्या घरात सहा वर्षं वावरत होते आणि तुम्हा दोघांनाही दिसत नव्हते, याची तयारी नव्हती. माझ्या एका पापाभोवती मी एवढं सोवळं मांडलं, एवढा द्वेष केला, आणि पाप राहिलं तुमच्या पानात. तुम्ही ते रोज वाढून घेत होतात, एकमेकांचं समजून.

दुपारी तुम्ही दोघं बाहेर आलात. तुम्ही खुर्च्या समोरासमोर टाकल्यात, शेजारी नाही, आणि बोलायला लागलात. ऐकू येत नाही, पण तो बोलतोय आणि तू मान खाली घालून ऐकतेस, मग तू बोलतेस. दोन तास झाले. मधे एकदा तू त्याचा हात हातात घेतलास आणि तोंडाशी नेलास, आणि मला बघवेना म्हणून मी हे लिहायला बसले.

क्लबाच्या तळावर निघायची वेळ पाटीवर लिहिलेली असते. बारा वाजता वॉर्डन येतो, सभ्यपणे घड्याळाकडे बघतो, माणूस निघतो. इथे तसं काही नाही. बेथनला विचारलं तर म्हणाली, "जावंसं वाटलं की जा." मला ही असली जागा नकोशी वाटते ती याचसाठी. इथे सगळं आपलं आपल्याला कळावं लागतं.

थांबले तर तुमच्या दोघांच्या मधे थांबेन, हे मला दिसतंय. म्हणून मी कॅराव्हॅन जोडली आहे. चिखल कालच्यापेक्षा वाळलाय, चाक रुतायचं नाही. डबा मी आज सकाळीच खड्ड्यात ओतला आणि तिथल्याच नळीने धुतला, हाताने धरून.

हे पत्र बेथन तुला देईल तेव्हा फाटक मी बांधून गेलेली असेन.

म्युरिएल